घरात बसलेली असताना "ग्राहक उपलब्ध नव्हते" असा मेसेज येतोच कसा?

निळी_छत्री

नमस्कार मंडळी, धागा काढायचं कारण म्हणजे डोकं फिरलंय.

आईसाठी बीपी मोजायचं मशीन मागवलं होतं. ज्या दिवशी येणार म्हणून सांगितलं त्या दिवशी मुद्दाम घरून काम घेतलं, मोबाइल समोर, बेल वाजते की नाही तेही दाबून बघितलं, आणि दुपारी चारच्या सुमारास मेसेज येतो, "डिलिव्हरीचा प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नव्हते". अहो कुठे नव्हते? मी दाराला टेकूनच बसलेय ना. कॉल लॉग बघितला तर एका अनोळखी नंबरवरून अर्धी रिंग, मी उचलेपर्यंत कट. उलट फोन लावला तर लागतच नाही.

कस्टमर केअरला गेले तर तिथे माणूस नाहीच, चॅटबॉट. काहीही लिहा, त्याचं एकच पालुपद, तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो, थोडी वाट बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ट्रॅकिंगवर पार्सल हबमध्ये निवांत पडलेलं आणि मेसेजमध्ये मात्र माझ्या दारात येऊन गेलेलं.

शेवटी एकदाचा मुलगा आला. वीस-बावीसचा असेल, पाठीवर ही एवढी बॅग, एका हातात फोन, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी पाकिटाचा कोपरा दातात धरलेला. मी विचारलं की काल आलाच नाहीस तर 'उपलब्ध नव्हते' कसं काय टाकलंस. तो ओटीपी टाकता टाकता म्हणाला, "मॅडम, वेळ मिळाला नाही असं बटनच नाहीये त्यात." आणि लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकलेली बघून जिन्याने पळाला पण.

आता ते बटनाचं वाक्य काही डोक्यातून जात नाही. त्याने थाप मारली की खरंच तसं असतं? कुणी या लाइनीत काम केलं असेल तर सांगा. आणि दुसरं म्हणजे तक्रार नक्की कुठे करायची, म्हणजे जिथे लागायला हवी तिथे लागेल? त्या पोराचे पैसे कापले गेले आणि बाकी सगळं जैसे थे, असं मला नकोय, पण गप्प बसायचं असंही नाही.

---

रोखठोक

सरळ सांगतो, पटलं तर घ्या. मी पैसे आधी भरलेत, वर लवकर मिळावं म्हणून जास्तीचे भरलेत. बटन आहे की नाही हे बघणं माझं काम नाही. खोटं ते खोटं. आमच्या ऑफिसात न केलेल्या कामापुढे मी 'केलं' असं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी नारळ मिळेल.

प्रत्येक वेळी असा विषय निघाला की चार जण येऊन बिचारा बिचारा करतात. असेल बिचारा, मान्य. पण माझं पार्सल कुठाय?

---

माजी_रनर

छत्रीताई, पोरगा खरं बोलला.

मी या लाइनीत काही वर्षं काढली, आता सोडलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मी दोनतीन ठिकाणी केलं आणि सगळे एकाच माळेचे मणी. कसं चालतं ते सांगतो, जरा लांबेल.

रात्री मोठी गाडी दुसऱ्या शहरातून हबला येते. माल उतरतो, पिनकोडप्रमाणे आणि मग बीटप्रमाणे (बीट म्हणजे एकेका पोराला वाटून दिलेला भाग) वेगळा होतो. सकाळी आम्ही रनर, म्हणजे पार्सल पोचवणारी पोरं, आपापल्या ढिगातलं एकेक पार्सल स्कॅन करून रनशीटमध्ये, म्हणजे त्या दिवशीच्या आपल्या यादीत, घेतो. रनशीटवर आलं की ते पार्सल तुमच्या नावावर, हरवलं तर तुम्ही, फाटलं तर तुम्ही, ओलं झालं तर तुम्ही. आता गाडी जर उशिरा आली, घाटात अडकली, पंक्चर झाली, काहीही, तर आमचं निघणं उशिरा. पण संध्याकाळी रनशीट बंद करायची वेळ तीच राहते, ती पुढे सरकत नाही. सकाळचे गेलेले दोन तास कुणाच्या खात्यात? रनरच्या.

हिशोब करून बघा ना. समजा नऊ तासांची पाळी आणि १२० पार्सलं. ५४० मिनिटं भागिले १२०, एका पार्सलला साडेचार मिनिटं. त्यातले दोन तास हबवर स्कॅनिंगमध्ये गेले की उरली साडेतीन. या साडेतीन मिनिटांत गाडी चालवायची, लावायला जागा शोधायची, गेटवर नाव नंबर लिहायचा, वॉचमन म्हणणार सामानाची लिफ्ट मागच्या बाजूला आहे, ती शोधायची, बेल, मग "थांबा हं ओटीपी आला नाही", मग "थांबा सुट्टे बघते", मग फोटो, आणि नेट गेलं असेल तर फोटो अपलोड होईपर्यंत त्याच पायरीवर उभं राहायचं. बसत नाही हो ते गणित. बसणारच नाही. ज्यांनी ते १२० लोड केलेत त्यांनाही माहीत असतं की बसत नाही.

मग संध्याकाळी बॅगेत वीसेक पार्सलं उरतात. प्रत्येकाचं कारण टाकल्याशिवाय रनशीट बंद होत नाही. मी जिथे जिथे केलं तिथे यादी साधारण सारखीच होती, ग्राहक उपलब्ध नाही, पत्ता सापडला नाही, ग्राहकाने नंतर बोलावलं, घ्यायला नकार, पैसे तयार नव्हते. झालं, संपली यादी. प्रत्येक कारण नीट वाचा, सगळी कारणं ग्राहकाची आहेत. 'लोड जास्त होता' किंवा 'तिथपर्यंत पोचलोच नाही' हे कारण ठेवलं की ते हबच्या नावावर लागणार, हबच्या मॅनेजरचे टक्के पडणार, म्हणून ते ठेवतच नाहीत. ते बटन चुकून राहिलेलं नाही.

अर्ध्या रिंगचं पण तसंच. कॉल केल्याची नोंद नसेल तर अ‍ॅप 'उपलब्ध नाही' टाकू देत नाही. आणि तो कॉल मधल्या एका नंबरवरून जातो, आमचा नंबर तुम्हाला दिसत नाही आणि तुमचा आम्हाला, म्हणून तुम्ही उलट लावलात तर लागत नाही. रिंग गेली की नोंद झाली. मग पोरं हबच्या बाहेर कट्ट्यावर बसून वीस जणांना एकेक रिंग देतात आणि कट करतात. तुम्ही उचललात तर तुम्ही विचारणार कधी येताय, आणि त्याला उत्तर नाही, म्हणून तुम्ही उचलायच्या आधी कट.

पगाराचं सांगायचं तर बहुतेकांना पगार नसतोच, पार्सलवर रेट. दिलेल्या पार्सलवर. तुमच्याकडे खरोखर येऊन तुम्ही नसलात तर त्या खेपेचे शून्य. पेट्रोल आपलं, गाडी आपली, पंक्चर आपलं. तळमजल्यावरचं पाकीट आणि लिफ्ट बंद असलेल्या बिल्डिंगमधला सहाव्या मजल्यावरचा मिक्सर, रेट एकच. कॅशची पार्सलं असली तर संध्याकाळी पैसे मोजून भरायचे, कमी पडले तर खिशातून, एखादी नोट खोटी निघाली तरी खिशातून. पाणी कमी पितात पोरं, कारण बाथरूमला जायचं कुठे? ज्या बिल्डिंगमध्ये दिवसातून दहा पार्सलं देतो तिथे विचारलं तर वॉचमन नाही म्हणतो. बायका पण आहेत आता या कामात, त्यांचं काय होत असेल विचार करा.

एक मात्र आहे, सगळेच धुतल्या तांदळासारखे नसतात. काही जण बीटमधली अवघड गल्ली, चढ, लिफ्ट नसलेली बिल्डिंग अशी पार्सलं मुद्दाम रोज फिरवत ठेवतात, दुसऱ्या कुणाच्या नावावर जाईपर्यंत. त्यांची बाजू मी घेणार नाही. पण असा एखादा असतो, आणि वीस पार्सलं उरतात सगळ्यांचीच.

---

आकडेमोड्या

माजी_रनर, प्रतिसाद वहीत लिहून ठेवण्यासारखा. मी दुसऱ्या बाजूला आहे, रूट काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो, म्हणजे शिव्या खाणाऱ्यांच्या यादीत माझंही नाव घाला.

लोकांना वाटतं रस्ता चुकीचा काढतात म्हणून उशीर होतो. रस्त्याचं कोडं अवघड आहे हे खरं. १० घरं कुठल्याही क्रमाने घ्यायची म्हटली तर ३६,२८,८०० क्रम होतात, १५ घरं झाली की आकडा सव्वा लाख कोटींच्या पुढे. सगळे क्रम तपासणारा कॉम्प्युटर नाही, तपासायची गरजही नाही, बऱ्यापैकी चांगला क्रम काढायच्या पद्धती केव्हाच्या तयार आहेत. अमेरिकेत यूपीएस या कुरिअर कंपनीने रस्ता काढणारी ओरायन नावाची यंत्रणा बनवली, त्याला २०१६ साली फ्रान्झ एडेलमन पुरस्कारही मिळाला. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून डावीकडे वळायचं म्हणजे समोरून येणारी वाहनं जाईपर्यंत थांबायचं, त्यात वेळ आणि इंधन जातं आणि धोकाही. म्हणून ते डावी वळणं शक्यतो टाळतात. म्हणजे रस्त्याचा विचार इतका बारीक झालाय.

घोळ आहे तो गाडी थांबल्यानंतरचा. रस्त्यावरचा वेळ आम्हाला सेकंदात माहीत असतो, आणि बेल वाजवून पार्सल हातात देण्याचा वेळ मात्र एक ठोक आकडा धरलेला असतो. बंगला असो नाहीतर तीस मजली टॉवर, आकडा तोच. नकाशावर टॉवरमधले सगळे पत्ते एकाच टिंबावर पडतात, त्यामुळे सॉफ्टवेअरला वाटतं वा, पंधरा पार्सलं आणि अंतर शून्य! प्रत्यक्षात त्याला पंधरा वेळा लिफ्टची वाट बघायचीय हे त्या टिंबात कुठे दिसणार.

आणि एक गोष्ट जी मीटिंगमध्ये मी सांगून थकलोय. हा ठोक आकडा जुन्या डेटावरून काढतात. पोरं पळतात, जिने चढतात, जेवायचं टाळतात आणि कसंबसं वेळेत संपवतात. डेटात काय दिसतं? की एवढ्या वेळात होतं. मग पुढच्या महिन्यात आकडा अजून खाली. जो जीव तोडून पळाला त्याच्याच पळण्याने त्याचं पुढचं टार्गेट वाढलं. यात कुणी खलनायक बसून ठरवतंय असंही नाही, सरासरी काढली एवढंच.

अजून एक राहिलं. तुम्हाला ऑर्डर करताना जी 'उद्या मिळेल' अशी तारीख दिसते ती आम्ही देत नाही. ती विकणाऱ्या साइटवरची टीम देते, कारण तारीख जवळची दाखवली की माणूस 'घ्या'वर क्लिक करतो. उद्या त्या हबला किती पोरं हजर आहेत हे त्या तारखेला विचारलेलं नसतं. सेलच्या आठवड्यात तर विचारूच नका.

---

रोखठोक

@आकडेमोड्या हे वाचून राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. म्हणजे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे की उद्या मिळणार नाही, तरी 'उद्या' लिहिता, आणि नाही मिळालं की मी घरी नव्हतो असं लिहिता. त्या पोराला सोडा, त्याच्यावरचा माझा आरोप मी बाजूला ठेवतो, पण ही फसवणूकच झाली की. मला तीन दिवसांनी येईल असं खरं सांगा, मी थांबतो. बीपीचं मशीन तीन दिवसांनी चालेल, पण रोज रजा टाकून दाराशी बसणं चालणार नाही.

---

शून्य_नफा

मी छोटा विक्रेता आहे, घरून माल पाठवतो. छत्रीताईंचा दुसरा प्रश्न होता तक्रार कुठे, त्यावर बोलतो.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की कुरिअर कंपनीचे ग्राहक तुम्ही नाही, मी आहे. तिला पैसे मी देतो, करार माझ्याशी. तुम्ही तिच्या चॅटबॉटशी कितीही भांडा, तिच्या दृष्टीने तुम्ही म्हणजे लेबलवरचा पत्ता. त्यामुळे भांडायचं तर माझ्याशी भांडा, म्हणजे ज्याच्याकडून घेतलं त्याच्याशी. ब्रिटनमध्ये तर २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यात कलम २९ आहे, माल प्रत्यक्ष ग्राहकाच्या किंवा त्याने सांगितलेल्या माणसाच्या हातात पडेपर्यंत जोखीम विक्रेत्याची. कुरिअरने हरवलं, शेजारच्या झुडपात टाकलं, तरी उत्तर विक्रेत्याने द्यायचं. (ग्राहकाने स्वतःचं कुरिअर ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी.)

आता आतली गोष्ट. पार्सल दिलं गेलं नाही की संध्याकाळी माझ्या पॅनेलवर एनडीआर म्हणून एक यादी येते, कुठलं पार्सल, कुठलं कारण. तिथे मला सांगावं लागतं, परत न्या की पुन्हा प्रयत्न करा. ठरलेल्या वेळात मी काहीच नाही सांगितलं, किंवा ठरलेले प्रयत्न संपले, की माल परत माझ्याकडे निघतो, त्याला आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात. जायचं भाडं माझं आणि यायचं पण माझं, वर खोका चेपलेला, वस्तू पुन्हा नवी म्हणून विकता येत नाही. एका आरटीओत पुढच्या कितीतरी विक्रीचा नफा जातो, नाव उगाच नाही घेतलं हे.

म्हणून ग्राहकाने मला त्याच दिवशी लिहिलं तर मला ते हवंच असतं! "मी घरी होते, बेल वाजली नाही, एवढ्या वाजता अर्धी रिंग आली, हा बघा कॉल लॉगचा फोटो." एवढं असलं की मी पॅनेलवर 'प्रयत्न खोटा' म्हणून वाद घालू शकतो, आणि तो प्रयत्न मोजला जात नाही. दुसऱ्या दिवशी लिहिलंत तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

जाता जाता, लोक विचारतात एवढ्याशा वस्तूला एवढा खोका का. मलाही आवडत नाही. कुरिअर वजन दोन प्रकारे बघतं, काट्यावरचं आणि आकारमानाचं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, जे किलो येतील ते, आणि दोन्हीत जे जास्त त्याचे पैसे. म्हणजे ४० बाय ३० बाय २५ चा खोका पिसांनी भरला तरी सहा किलो. मोठ्या साइटच्या गोदामात ठरावीक मापांचेच खोके असतात, हाताला आला तो उचलतात. आणि ती हवा वाहून नेतो कोण, तर पाठीवर बॅगवाला.

---

निळी_छत्री

बापरे, एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार.

@शून्य_नफा हे विक्रेत्याला कळवायचं डोक्यातच आलं नव्हतं, कारण ट्रॅकिंगच्या मेसेजवर फक्त कुरिअरची लिंक असते, विक्रेत्याचं नावसुद्धा नसतं. तुम्हाला गाठायचं कसं हा पण एक शोधच आहे.

@माजी_रनर मला अजून एक विचारायचंय. डिलिव्हरी झाली की स्टार द्यायला सांगतात. कमी स्टार दिले तर कुणाला लागतात? आणि तक्रारीत काय लिहिलं तर ती रनरच्या डोक्यावर न फुटता वर जाते?

---

माजी_रनर

ताई, स्टार रनरलाच लागतात, दुसऱ्या कुणाला नाही. स्क्रीनवर त्याचा फोटो असतो, गोदामाचा नसतो. खोका आतून फुटलेला निघाला तरी लोक एक स्टार देतात, त्याने तर तो उघडूनही बघितलेला नसतो. मी असताना रेटिंग खाली गेलं की दुसऱ्या दिवशी चांगली बीट जायची आणि लांबची मिळायची, कुणी तोंडाने काही बोलायचं नाही. खरंच उद्धट बोलला, पार्सल फेकलं, जास्तीचे पैसे मागितले, तर द्या कमी, जरूर द्या. उशिराबद्दल देऊ नका, उशीर त्याच्या हातात नसतो.

तक्रार लिहिताना "डिलिव्हरी बॉय आला नाही" असं लिहिलंत की ती सरळ त्याच्या आयडीवर चिकटते आणि वरचे मोकळे. त्यापेक्षा असं लिहा, "या तारखेला या वेळी खोटं स्टेटस टाकलं गेलं, हबकडून त्या दिवसाच्या लोडची आणि जीपीएसची नोंद तपासा." हबचं नाव ट्रॅकिंगमध्ये असतं, ते नक्की लिहा. एकाच हबवर अशा दहा तक्रारी आल्या की एरिया मॅनेजर विचारतो काय चाललंय. एका रनरवर आल्या की रनर बदलतात, आणि नवीन पोराला पुन्हा तेच १२० देतात.

---

कलम_वाली

यातल्या कायद्याच्या बाजूबद्दल थोडं, कारण "पगार नसतोच, पार्सलवर रेट" हे वाक्य जगभर कोर्टात भांडलं जातंय.

सगळा झगडा एकाच गोष्टीचा आहे, हा माणूस नोकर की स्वतंत्र धंदेवाईक? धंदेवाईक म्हटलं की रजा नाही, किमान वेतन नाही, अपघात झाला तर त्याचं तो बघेल. स्पेनने २०२१ मध्ये प्लॅटफॉर्मवरच्या, म्हणजे अ‍ॅपवरून काम मिळणाऱ्या, डिलिव्हरी रायडर्ससाठी कायदा केला, त्यात ते नोकरच आहेत असं आधी धरायचं. युरोपियन युनियनचा प्लॅटफॉर्म कामगारांबद्दलचा निर्देश २०२४ मध्ये आला, देशांना तो डिसेंबर २०२६ पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचाय. त्यातला मला आवडलेला भाग म्हणजे खातं बंद करण्यासारखा निर्णय नुसत्या अल्गोरिदमने घ्यायचा नाही, माणसाने घ्यायचा.

उलट ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डिलिव्हरू या जेवण पोचवणाऱ्या कंपनीच्या रायडर्सच्या युनियनविरुद्ध निकाल दिला. मुख्य कारण काय, तर रायडरला आपल्या जागी दुसऱ्या कुणालाही पाठवायची मुभा आहे, नोकराला अशी नसते. (अ‍ॅपवर फोटो एकाचा आणि दारात दुसराच, हे कधीकधी का होतं त्याचं एक उत्तर इथे आहे.)

भारतात २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग (नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर काम करणारे) आणि प्लॅटफॉर्म कामगार यांची व्याख्या आली, अ‍ॅग्रिगेटर (म्हणजे अ‍ॅप चालवणाऱ्या) कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के त्यांच्या सुरक्षेसाठी द्यायचे अशी तरतूद आहे. राजस्थानने २०२३ मध्ये वेगळा कायदा केला, असा करणारं ते पहिलं राज्य. पण गंमत बघा, हे सगळं विमा आणि निधीबद्दल आहे. साडेतीन मिनिटांत एक पार्सल हा आकडा ठरवायचा अधिकार कुणाचा, त्याला यातलं काहीच हात लावत नाही. त्यात पुन्हा कंपनी, तिच्याखाली व्हेंडर, व्हेंडरखाली पोरगा अशी साखळी असली की प्रत्येक जण म्हणतो तो माझा नाही.

---

रोखठोक

@कलम_वाली माहिती चांगली आहे. पण कायदा येईपर्यंत मी करायचं काय, हा प्रश्न आहे तिथेच. पार्सल पॉइंटवरून जाऊन आणणं हा एक पर्याय मी हल्ली वापरतो, जिथे मिळतो तिथे. येता जाता उचलतो, कुणाची वाट बघायची नाही आणि कुणावर ओरडायचं नाही.

---

आकडेमोड्या

पॉइंट किंवा लॉकर हे आमच्या बाजूने पण सगळ्यात सोपं. तीस पार्सलं, एकच थांबा, आणि 'उपलब्ध नाही'चा प्रश्नच मिटतो. फक्त औषधं, जड सामान, किंवा ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी हे उत्तर नाही, त्यांना दारातच द्यायला हवं. त्यामुळे ज्यांना जमतं त्यांनी घेतलं तर त्या १२० मधले काही कमी होतील. होतील का? का त्या जागी अजून चाळीस लोड करतील, हे मात्र मी छातीठोक सांगू शकत नाही, आमचे लोक काय करतील ते मला चांगलं माहीत आहे.

---

घाईत_वाचक

विषय निघालाच आहे तर, "पार्सल देता आलं नाही, पुन्हा पाठवण्यासाठी या लिंकवर थोडे पैसे भरा" असे मेसेज येतात ते खोटे असतात, लिंक उघडू नका. खऱ्या डिलिव्हरीला इतक्यांदा 'प्रयत्न अयशस्वी' येतं की खोटा मेसेजही खराच वाटतो, तेच या लोकांचं भांडवल. आणि फोनवर कुणी ओटीपी मागितला तर पार्सल हातात आल्याशिवाय देऊ नका. रद्द करण्याचा पण ओटीपी असतो, मेसेज नीट वाचा कशाचा आहे तो.

---

निळी_छत्री

बरोबर, असा मेसेज मलाही आलाय, त्याच आठवड्यात.

@माजी_रनर शेवटचा प्रश्न, मग नाही छळत. सूचनेच्या रकान्यात "बेल वाजवा, फोन उचलते, घरीच आहे" असं लिहिलं तर कुणी वाचतं का?

---

माजी_रनर

छळा की, त्यासाठीच आलोय इथे.

सूचनेचा रकाना आम्हाला पार्सल उघडून दुसऱ्या स्क्रीनवर गेल्यावर दिसायचा, म्हणजे दारात उभं राहिल्यावर. निघताना कुणी वाचत नाही. दिसतो तो पत्ता, आणि त्याचीही पहिली ओळ. लोक पहिल्या ओळीत स्वतःची डिग्री, बंगल्याचं नाव, मागच्या मालकाचं नाव असलं काय काय लिहितात आणि फ्लॅट नंबर जातो चौथ्या ओळीत, लेबलवर तो छापतानाच तुटतो. तर फ्लॅट नंबर, विंग आणि मजला सगळ्यात आधी लिहा, मग बिल्डिंगचं नाव, मग कुठल्या गेटने आत यायचं ते. दोन गेट असतील तर हे फार महत्त्वाचं, चुकीच्या गेटवरून परत फिरण्यात आमची चारपाच मिनिटं जायची आणि ती पुढच्या पार्सलातून वजा व्हायची.

नकाशावरचं टिंब पण एकदा उघडून बघा, बऱ्याच जणांचं टिंब मागच्या गल्लीत पडलेलं असतं आणि त्यांना वर्षानुवर्षं माहीत नसतं. आणि गेटवर वॉचमनला सांगून ठेवा की पार्सलवाल्याला पुढच्या लिफ्टने सोड. तेवढं केलंत तर तुमची बिल्डिंग 'सोपी' म्हणून पोरांच्या लक्षात राहते, आणि सोपी पार्सलं पोरं आधी काढतात.